विजूताईंचं पुस्तक

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात नवी पुस्तकं आली की मधल्या सुट्टीत शिक्षकांची झुंबड उडायची. कोरी पानं, कोरा वास, कोण आधी घेतो याची चढाओढ. विजूताई तेवढ्या आपल्या खुर्चीत बसून डबा खात असायच्या. मराठीच्या सगळ्यात जुन्या शिक्षिका त्या. मी भुसावळहून नव्याने नोकरीला आले होते, धुळ्यात ओळखीचं कोणी नव्हतं, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची म्हणून मी तिथे बसायला लागले. एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही नाही घेत एखादं?"

"घेईन ना सावकाश," त्या म्हणाल्या. "नव्या पुस्तकात शिरायचं म्हणजे अनोळखी घरात पाहुणं जाण्यासारखं. पहिली पन्नास पानं अंग चोरून बसायचं. मला आपलं घर बरं."

त्यांचं हे घर म्हणजे एक जुनी कादंबरी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनाच ते आवडत नसे. नाव कळलं की लोक कुठून तरी मिळवून वाचतात आणि येऊन म्हणतात, "त्यात एवढं काय आहे हो?" याचा त्यांना फार राग होता. सोळाव्या वर्षी जळगावला वडिलांच्या घरी त्यांनी ती पहिल्यांदा वाचली, आणि मग दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत एकदा. सुट्टी लागली की जुनं कव्हर काढायचं, खाकी कागदाचं नवं घालायचं, पानांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा आणि दुपारची कामं आटोपली की मागच्या खोलीत दार लोटून बसायचं. तो एक तास त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. नवरा, मुलगी, कोणीच नाही. प्रकाशराव, म्हणजे त्यांचे यजमान, गंमतीने म्हणायचे, "आमच्या घरी मे महिन्यात दुपारी गॅस संपला तरी सांगायची सोय नाही."

कादंबरीची गोष्ट साधी होती. नदीकाठच्या एका गावात यमू नावाची सून असते. ती लपूनछपून सुईणपणाचं शिक्षण घेते आणि लांबच्या एका शहरातल्या दवाखान्यात तिला नोकरी मिळते. शेवटच्या प्रकरणात ती ट्रंक घेऊन स्टेशनवर जाते. गाडी येते, थांबते, निघून जाते. यमू फलाटावरच उभी असते. मग ती घरी येते आणि सासूच्या आंघोळीचं पाणी उपसते. तिथे पुस्तक संपतं.

"सोळाव्या वर्षी मी रडले," विजूताई सांगायच्या. "लग्न झाल्यावर वाचलं तेव्हा तिचा इतका राग आला की पुस्तक कपाटात मागे टाकलं. मीनलच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा वाटलं, बरं केलं बाई, परत आलीस. आणि पंचेचाळिशीत माझ्या लक्षात आलं की तिच्या सासूचे गुडघे दुखतात. पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं."

वर्गातही त्यांचा हाच खाक्या. एखादी मुलगी म्हणाली की बाई, हा धडा आम्ही मागच्या वर्षी शिकवणीत वाचलाय, तर विचारायच्या, "काल वरणभात खाल्लास ना? मग आज आईला सांगून आलीस का की नको म्हणून?" मुली हसायच्या आणि धडा पुन्हा उघडायच्या. त्यांचा आवाज खणखणीत होता. त्या वाचू लागल्या की शेजारच्या वर्गात माझी गणितं थांबायची. मुलींना वाटायचं मी फळ्यापुढे उभी राहून विचार करते आहे.

मी एकदा ती कादंबरी वाचायला मागितली. आमची मैत्री तेव्हा चांगली झाली होती, माझ्या घरचं सुखदुःख त्यांना ठाऊक होतं. तरीही त्या स्वच्छ म्हणाल्या, "शुभा, माझी साडी माग, देईन. हे नाही देणार."

मला वाईट वाटलं होतं. पण त्यांच्या घरी जाऊ लागले तसं ते का, हे कळत गेलं.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात विजूताईंचं स्वतःचं असं फार काही नव्हतं. घर सासूबाईंचं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणत. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेल्या अक्का जन्मभर अहिराणीच बोलल्या. कणखर बाई. धान्याच्या कोठीची किल्ली कमरेला, दूध किती तापवायचं ते त्या सांगणार, सुनेने कोणती साडी नेसून शाळेत जायचं तेही त्या सांगणार. विजूताई लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पुस्तक घेऊन बसल्या तेव्हा अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पुस्तक वाचीसन पोट भरस का?" वाचून पोट भरतं का, असं. विजूताईंनी उठून दार लोटून घेतलं. अक्कांनी दोन दिवस अबोला धरला, पण दार पुन्हा कधी ढकललं नाही. "तेवढंच एक भांडण मी जिंकले," असं त्या म्हणायच्या.

मग अक्का न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. अंथरुणाला खिळल्या आणि पाठोपाठ डोकंही साथ सोडू लागलं. सकाळी जेवल्या की तासाभराने "माले कोनी जेवन नही दिन्हं" म्हणून ओरडायच्या. दिवसाची बाई ठेवून पाहिली. पहिलीला त्यांनी ताट फेकून मारलं, दुसरीला चोर म्हणून आरोळ्या ठोकल्या. तिसरी कोणी मिळेना. प्रकाशराव शिरपूरला एका खासगी कंपनीत कामाला होते. सकाळी सातला निघायचे ते दिवेलागणीला परत. नणंद सुरतला. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी म्हणायची, "वहिनी, तू शेस म्हणीसन निभी ऱ्हायनं." तू आहेस म्हणून निभावतंय. विजूताई म्हणायच्या, "या वाक्याला कडी आहे, शुभा. बाहेरून लागते."

नोकरीची काही वर्षं शिल्लक होती. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभाला त्या पाऊण तास आल्या, कारण शेजारीण तेवढाच वेळ अक्कांजवळ बसायला तयार होती. भाषण केलं नाही. नारळ आणि शाल घेऊन रिक्षात बसताना म्हणाल्या, "सुट्टी लागली बघ मला. आता बारा महिने मे."

पण तो मे आलाच नाही. मागची खोली अक्कांना दिली होती, कारण न्हाणीघर तिला लागून. दार लोटायला दुसरी खोली नव्हती. अक्कांना नजरेआड झालेलं माणूस सहन होत नसे. विजूताई स्वयंपाकघरात गेल्या तरी हाका सुरू. म्हणून त्या दुपारी अक्कांच्या कॉटच्या कडेला बसूनच पुस्तक उघडायच्या. तिथेच एका दुपारी अक्कांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय वाची ऱ्हायनी?"

"काही नाही अक्का. पुस्तक."

"आवाज काढीसन वाच. माले आयकू दे."

विजूताईंनी चार पानं मोठ्याने वाचली. अक्का गप्प पडून ऐकत होत्या. ओरडणं थांबलं, हात अंथरुणावर स्थिर झाले. त्या दिवशी विजूताईंना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी अक्कांना यमू कोण ते आठवेना, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशीही. कधी मधूनच, कधी शेवटचं प्रकरण, पण पुस्तक तेच. विजूताईंनी पोथी आणली, दुसऱ्या गोष्टी आणल्या. अक्का हाताने ढकलून द्यायच्या. "हाई नको. ती वाच. ती यमूनी."

एकदा मी गेले तेव्हा विजूताई ओट्याजवळ पाठ करून उभ्या होत्या. कुकरची शिट्टी झाली तरी वळल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "म्हातारीने माझं पुस्तक घेतलं गं. किल्ल्या होत्याच तिच्याकडे. आता हेही."

मी काही बोलणार तर आतून हाक आली, "विजू! व विजू!" आणि त्या पदराला हात पुसत गेल्या.

पुढच्या वर्षी मीनलचे दिवस भरत आले. मीनल म्हणजे विजूताईंची एकुलती एक लेक, जळगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माहेरी अक्का, त्यांच्या रात्रंदिवसाच्या हाका, औषधांचा वास. मीनलच म्हणाली, "आई, तुझे हाल नको. मी इथेच थांबते. तूच ये." विजूताई हो म्हणाल्या. हो म्हणताना त्यांना ठाऊक होतं की कसं जाणार ते ठाऊक नाही. प्रकाशराव म्हणाले, "बघू, वेळ आली की काहीतरी करू." नणंद म्हणाली, "वहिनी, मी आली असती पण..." विजूताईंनी बॅग भरून कॉटखाली ठेवली. त्यात बाळंतविडा होता, जुन्या मऊ साड्यांची दुपटी होती. अक्कांची चादर बदलताना बॅगेला पाय लागला की त्या ती आणखी आत सरकवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मला त्यांचा फोन आला. "शुभा, मीनलला दवाखान्यात नेलंय. हे शिरपूरला पोचले, संध्याकाळशिवाय येत नाहीत. तू येशील?"

मी गेले तेव्हा त्या साडी बदलून, बॅग हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. भराभर सगळं सांगितलं. मऊ भात कुठे, गोळी कोणती, कूस कशी बदलायची. मग देवघराशेजारच्या फडताळातून खाकी कव्हरचं ते पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दुपारी घाबऱ्या होतील. तेव्हा शेवटचं प्रकरण वाच, तेवढ्याने झोपतात." पायऱ्या उतरता उतरता त्या थांबल्या. काहीतरी सांगायचं होतं. पण रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि त्या बसल्या.

जेवण नीट झालं. अक्का मला ओळखायच्या, "मास्तरीन" म्हणायच्या. पण ऊन उतरायला लागलं तशी त्यांची बोटं चादरीशी चाळा करू लागली. "विजू कोठे गयी?"

"जळगावला गेल्यात, अक्का. मीनलकडे."

"जळगावले," त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा, "विजू कोठे गयी?" आवाज चढत गेला. मी पुस्तक घेतलं आणि शेवटचं प्रकरण वाचू लागले. मी स्वतः ते पहिल्यांदाच वाचत होते. ट्रंक, धुळीचा रस्ता, फलाट, हिरवा कंदील. अक्का शांत झाल्या. डोळे छताकडे, ओठ थोडे उघडे. मी वाचत गेले. गाडीने शिट्टी दिली, डबे हलले, यमू जागची हलली नाही.

"नही," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं पाणी हवं. मी पेला पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"तू खोटं वाची ऱ्हायनी. ती गाडीमा बसी गयी."

"नाही अक्का, इथे लिहिलंय ना. गाडी गेली, यमू तिथेच..."

"बसी गयी!" त्या केवढ्याने ओरडल्या. "खिडकीजोडे बसनी. ट्रंक पायखाले ठेवी. माले म्हाईत शे. रोज बसस ती."

खिडकीजवळ बसली, ट्रंक पायाखाली ठेवली. मी पान उलटसुलट करून पाहिलं. तसं कुठेच नव्हतं. मग लक्षात आलं की पायरीवर विजूताई काय सांगणार होत्या. मी पुस्तक मांडीवर मिटलं आणि जमेल तसं म्हणाले, "हो अक्का. बसली. गाडी सुटली."

त्या थोड्या निवल्या. मला वाटलं झोपल्या. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "येई का ती?"

यमू की विजू, ते मी विचारलं नाही. "येतील अक्का. उद्या येतील."

"कोन सांगस?" अक्का म्हणाल्या. कोण सांगतं?

त्या संध्याकाळी मीनलला मुलगी झाली. प्रकाशराव आले, त्यांनी सगळ्यांना फोन केले, अक्कांच्या तोंडात साखर घातली. रात्रभर आईजवळ बसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले होते, तेव्हा दुपारी विजूताई परत आल्या. मीनलने आणखी दोन दिवस राहा म्हणून हात धरला होता, पण प्रकाशरावांना जास्त सुट्टी नव्हती. नातीला जेमतेम एक रात्र मांडीवर घेऊन मग त्या एकट्याच परतीच्या बसमध्ये बसल्या होत्या. साडीला दुधाचा वास येत होता. घरात येताच थेट अक्कांपाशी गेल्या. अक्कांनी तोंड फिरवलं. भात भरवायला गेल्या तर ओठ मिटून घेतले. शेवटी मी भरवला. विजूताई पलीकडे स्टुलावर बसून बघत राहिल्या.

अक्का झोपल्यावर मी चहा केला आणि शेवटच्या प्रकरणाचं विचारलं.

"रागाच्या भरात झालं ते," त्या म्हणाल्या. "मीनलला सातवा लागला होता. ओटी भरायला तिच्या सासरी बोलावलं होतं आणि मी इथे बसून ती फलाटावरची ओळ वाचत होते, कितव्यांदा कोण जाणे. मला ती वाचवेना. म्हटलं, जा बाई तू तरी. आणि बसवली तिला गाडीत. डोळे पानावर आणि तोंडाने भलतंच. वाटलं, हिला काय कळतंय. तर अक्का म्हणाल्या, 'मंग घर कोन शे?' मग घरी कोण आहे? दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे जसं छापलंय तसं वाचलं. तर म्हणतात, नाही, काल ती गेली. शुभा, जेवल्याचं आठवत नाही यांना. मुलाचं नाव आठवत नाही कधीकधी. आणि हे लक्षात."

"मग?"

"मग रोज जाते ती. मीच पाठवते. खिडकी, ट्रंक, सगळं अक्कांनी विचारून विचारून घातलंय. कोठे बसनी? डब्बा लीधा का? डबा घेतला का, हेसुद्धा. मी एकदा विचारलं, 'अक्का, यमू गेली ते बरं झालं का?' तर म्हणाल्या, 'बरं व्हयनं. मी ऱ्हायी गयी.'"

मी राहून गेले. विजूताईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"इतकी वर्षं या बाईबरोबर एका घरात काढली. त्यांच्या हाताखाली काढली. यांनाही कुठे जायचं असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. मी लगेच विचारलं, 'कोठे जायचं होतं अक्का तुम्हाला?' त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोवर विसरल्या होत्या. त्यानंतर कितीदा विचारलं. परत नाही सापडलं."

मी म्हटलं, "निदान पुस्तक तरी बदललं. तुम्हालाही बरं वाटत असेल, तिला जाऊ देताना."

"पहिले काही दिवस वाटलं," त्या म्हणाल्या. "आता नाही. तिला गाडीत बसवते, पुस्तक मिटते आणि अक्कांची कूस बदलते. आणि माझी यमू गेली ती गेलीच. मध्ये एका पहाटे अक्का गाढ झोपल्या होत्या, म्हटलं मनातल्या मनात वाचू, आपलं आपल्यासाठी. येतच नाही. ओळीवर डोळा ठेवला की कानात अक्का म्हणतात, 'मंग काय व्हयनं?' मग काय झालं? पूर्वी त्या फलाटावर उभं राहून मी दरवर्षी नवीन काहीतरी विचार करायचे. आता त्या फलाटावर मला थांबता येत नाही."

आतून अक्का कण्हल्या. विजूताई उठल्या. या वेळी अक्कांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी विजूताईंचं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने माझी बदली आमच्याच संस्थेच्या जळगावच्या शाळेत झाली. मीनल मला बाजारात भेटते कधीकधी. तिची मुलगी आता चालते. आजीला ती फोनच्या पडद्यावर ओळखते, पडद्यालाच पापा देते. अक्का अजून आहेत. विजूताई फोनवर दोन मिनिटं बोलतात आणि मग "ठेवते गं" म्हणतात, मागे हाक ऐकू येत असते.

धुळं सोडायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले तो मे महिन्याचा शेवट होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. झळांनी डोळे उघडवत नव्हते. दार उघडंच होतं, वाऱ्याने मागेपुढे होत होतं. विजूताई कॉटच्या कडेला बसल्या होत्या. अक्का नुकत्याच झोपल्या होत्या आणि त्यांच्या मुठीत विजूताईंच्या पदराचं टोक होतं. इतकं घट्ट की त्यांना खांदा तिरका करून बसावं लागत होतं. मला बघून त्या हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही कुजबुजत बोललो. नव्या शाळेबद्दल, घरभाड्याबद्दल, केळीच्या वेफर्सच्या कुठल्याशा दुकानाबद्दल, जे त्यांच्या लहानपणी जळगावात होतं आणि आता असेल की नाही ठाऊक नाही. मीनलसाठी त्यांनी लोणच्याची बरणी बांधून ठेवली होती, ती मी घेतली. निघायला उठले तेव्हा त्याही उठू लागल्या. पदर ताणला गेला, अक्कांच्या कपाळावर आठी आली. विजूताई पुन्हा बसल्या.

"तुला दारापर्यंत सोडता येत नाही बघ," त्या म्हणाल्या.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला, केसांतली धूळ झटकल्यासारखा फिरवला. उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा वाऱ्याने दार धाडकन आपटलं. अक्का दचकल्या, पण मूठ सुटली नाही. विजूताई त्यांच्या छातीवर हलके थोपटत म्हणाल्या, "शुभा, दार ओढून घे. आणि बाहेरून कडी लाव, नाहीतर आपटत राहील. हे येतील तेव्हा काढतील."

"आणि तोवर काही लागलं तर?"

"काय लागणार आहे?" त्या म्हणाल्या.

मी दार ओढलं. फटीतून थेट मागच्या खोलीत त्या दिसत होत्या, तिरक्या बसलेल्या, माझ्याकडे बघत. मग दार बसलं. कडी उन्हाने तापली होती, ओढणीने धरावी लागली. मी ती लावली आणि लोणच्याची बरणी सांभाळत पायऱ्या उतरले.